फ्लॅटची एजंटगिरी: किल्लीपासून महारेरा प्रमाणपत्रापर्यंत

धंद्यात उतरू बघणारी मुलं-मुली हल्ली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅडम, महारेराची परीक्षा अवघड असते का?’ नसते. प्रशिक्षण नीट ऐकलं आणि कायदा एकदा स्वतः वाचला की निघते. (महारेरा म्हणजे रेरा कायद्याखाली घरबांधणी प्रकल्पांवर आणि एजंटांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण.) पहिली दोन वर्षं घर कशावर चालवणार, बिल्डरने ब्रोकरेज सहा महिने लटकवलं तर काय करणार, कागद अर्धवट असलेला फ्लॅट हातात आला तर नाही म्हणता येईल का, हे मात्र कुणी विचारत नाही. मी २००५ पासून पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात राहत्या घरांची कामं करते. नोंदणी, नूतनीकरण, परीक्षा असे सगळे टप्पे एकदाचे पार पडलेत, तेव्हा पहिल्यापासून क्रमाने लिहून काढते, जिथे आठवतात तिथे रकमांसकट.

सुरुवात काही ठरवून झाली नाही. आमच्या सोसायटीतले वरच्या मजल्यावरचे काका-काकू मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले आणि किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. ‘कुणी बरं माणूस मिळालं तर भाड्याने दे गं,’ एवढंच सांगणं. मी दोन-तीन जणांना फ्लॅट दाखवला, झाडून-पुसून घेतला, लाइटचं बिल भरलं. शेवटी मेन रोडवरच्या एका एजंटने भाडेकरू आणला, मालकाकडून एक महिन्याचं आणि भाडेकरूकडून एक महिन्याचं भाडं घेतलं आणि तासाभरात मोकळा झाला. वन बीएचकेचं भाडं तेव्हा साडेतीन-चार हजार होतं, म्हणजे त्याच्या खिशात सात-आठ हजार. मला राग आला नाही, हिशोब मात्र पटकन कळला.

तेव्हा एजंट व्हायला कुठली परीक्षा नव्हती, नोंदणी नव्हती. शॉप अॅक्टचं लायसन्स काढलं, व्हिजिटिंग कार्डं छापली, रविवारच्या पेपरात छोटी जाहिरात दिली. घरात जरा कुरबुर झाली. ब्रोकर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पानाच्या टपरीपाशी स्कूटर लावून उभा असलेला माणूस यायचा आणि घरातली बाई त्यात बसत नव्हती. पण बाई असण्याचा फायदाही झाला. दुपारी घरी एकट्या असणाऱ्या वहिनी मला दार उघडायच्या. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ओल आहे का, पाणी किती वाजता येतं, वरच्यांची वॉशिंग मशीन रात्री चालते का, हे मला त्यांच्याकडून कळायचं आणि मी ते येणाऱ्या पार्टीला आधीच सांगून टाकायची.

पहिली तीन वर्षं मी जवळजवळ भाड्याचीच कामं केली. नव्या लोकांना मी आजही तेच सांगते आणि त्यांना ते आवडत नाही. सगळ्यांना विक्री करायची असते, कारण पन्नास लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का म्हणजे पन्नास हजार, दोन्हीकडून मिळाले तर लाख. पण विक्रीचं एक काम उभं राहायला चार-सहा महिने जातात आणि ते शेवटच्या बैठकीत पडूही शकतं. भाड्याचं काम आठवड्यात होतं, पैसे किल्ली देताना मिळतात आणि मुख्य म्हणजे ते अकरा महिन्यांनी परत येतं. मी एक लांबडी वही केली होती: मालकाचं नाव, करार कधी संपतो, भाडं, डिपॉझिट, मालकाच्या अटी. करार संपायच्या दोन महिने आधी मालकाला फोन करायचा. भाडेकरू राहणार असेल तर नव्या कराराचं काम, जाणार असेल तर नवा भाडेकरू. ती वही आता एक्सेलमध्ये गेली आहे, रकाने तेच आहेत. घरखर्च भागला तो या वहीवर.

मालकांच्या अटींबद्दल एक सांगायलाच हवं. बॅचलर नको, कुत्रा नको, इथवर ठीक. त्यापुढे जाऊन जात-धर्म विचारणारे फोन येतात, आजही येतात. अशा मालकाला मी सांगते की ही चाळणी मी लावणार नाही, तुम्हाला दुसरा एजंट बघावा लागेल. काही फ्लॅट हातचे जातात. जाऊ देत.

कराराच्या नोंदणीची गंमत अशी की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे अकरा महिन्यांचा तो भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. तरी २००५ मध्ये अर्धे मालक ‘नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल’ म्हणायचे. मी तेव्हापासून नोंदणीचाच आग्रह धरला, कारण भाडेकरू उठला नाही तर मालक सगळ्यात आधी माझ्याकडे येणार हे दिसत होतं. आता करार ऑनलाइन होतो, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो. खर्चाचा अंदाज हवा असेल तर: वीस हजार भाडं, साठ हजार परतीचं डिपॉझिट, अकरा महिने. एकूण भाडं दोन लाख वीस हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेली रक्कम मिळवायची आणि त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क. साडेपाचशे-सहाशेच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. करार करून देणाऱ्याचे पैसे वेगळे. हा हिशोब मी मालकाला कागदावर लिहून देते, म्हणजे ‘करारात ब्रोकरने कमावले’ हा संशय राहत नाही.

२००८ च्या शेवटी आयटीतल्या नोकऱ्या डळमळल्या आणि बुकिंगं थंडावली. रस्त्यावरची काही एजंट ऑफिसं बंद झाली. माझं ऑफिसच नव्हतं, त्यामुळे बंद करायलाही काही नव्हतं. त्या रिकाम्या दिवसांत मी ओळखीच्या एका वकिलांकडे जाऊन बसायला लागले. त्यांचा सर्च करणारा, म्हणजे जुन्या नोंदी धुंडाळून मालकी तपासणारा, एक मुरलेला कारकून होता. त्याच्याबरोबर दुय्यम निबंधक कार्यालयात, आमच्या भाषेत ‘हवेली’ला, जायचं आणि जुने इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) कसे शोधतात ते बघायचं. मला त्याने शिकवलेली पद्धत साधी होती: फ्लॅटचे कागद हातात आले की ते शेवटून वाचायला घ्यायचे. आजच्या मालकाने कुणाकडून घेतला, त्याने कुणाकडून, असं करत बिल्डरच्या पहिल्या करारापर्यंत जायचं. मध्ये एकही कडी निसटता कामा नये. प्रत्येक कराराला त्याचा इंडेक्स टू आणि नोंदणीची पावती हवी. मग शेअर सर्टिफिकेटवरची नावं त्याच क्रमाने आहेत का, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आहे का, मिळकत कराचं बिल कुणाच्या नावावर येतं, मेंटेनन्सची थकबाकी किती. हे सगळं पार्टीला फ्लॅट दाखवायच्या आधी. पुष्कळ एजंट हे टोकन घेतल्यावर करतात, मग घोडं अडतं आणि टोकन परत करण्यावरून भांडणं लागतात.

या सवयीने मला धायरी-नऱ्हेच्या बाजूच्या बऱ्याच कामांपासून लांब ठेवलं. तिकडे तेव्हा गुंठेवारीतल्या इमारती भराभर उठत होत्या. दोन-चार गुंठे जागा, सातबाऱ्यावर सामाईक नाव, मंजूर नकाशा नाही आणि चार मजले उभे. टू बीएचके निम्म्या भावात. मोठ्या बँका कर्ज देत नसत, पतसंस्था जास्त व्याजाने देत. एजंटला कमिशन मात्र घसघशीत, फ्लॅटमागे ठरावीक रक्कम, कधी रोख. मला विचारणा खूप व्हायची. पार्टी समोर बसून म्हणायची, ‘ताई, आमच्या बजेटमध्ये दुसरं काय बसतं?’ आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी त्यांना अजून वर्षभर भाड्याने राहा असं सांगायची आणि ते दुसऱ्या एजंटकडून तोच फ्लॅट घ्यायचे. धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये महापालिकेत आला, पण हद्द बदलली म्हणून विनापरवाना इमारत आपोआप नियमित होत नाही. आज त्यातले काही जण फ्लॅट विकायला माझ्याकडे येतात. मला ते काम घेता येत नाही, आणि नाही म्हणायला जड जातं.

रिसेलचं माझं पहिलं मोठं काम २०१३ चं. वडगावातला जुना टू बीएचके, राहणाऱ्या आजी एकट्या. आजोबा वारलेले, नॉमिनी म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट आजींच्या नावावर करून दिलेलं. आजींना वाटत होतं, नाव लागलं म्हणजे घर आपलं झालं. घेणाऱ्या पार्टीच्या बँकेच्या वकिलाने पहिल्याच पत्रात विचारलं: वारस किती? दोन मुलगे, एक पुण्यात, एक कॅनडात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, दोन्ही मुलांचे हक्क आहेत. धाकट्याला सहविक्रेता म्हणून उभं केलं असतं तर त्याच्या वाट्यावर परदेशस्थ माणसाच्या दराने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर, कापायचा, त्यासाठी घेणाऱ्याने कर कापणाऱ्याला लागणारा टॅन नंबर काढायचा, अशी दुसरी भानगड होती. म्हणून दोघांनी आजींच्या नावे हक्कसोडपत्र द्यायचं ठरलं. धाकटा येऊ शकत नव्हता. त्याने तिकडे भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र केलं, ते कुरिअरने आलं, आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं ते भरलं, मग हक्कसोडपत्राची नोंदणी, मग खरेदीचा करार. फेब्रुवारीत सुरू झालेलं काम दिवाळीच्या तोंडावर संपलं. घेणारी पार्टी मध्ये तीनदा तरी ‘सोडून देतो’ म्हणाली असेल. दर पंधरा दिवसांनी मी त्यांना फोन करून कुठला कागद कुठे अडकलाय ते सांगायची, सांगण्यासारखं काही नसलं तरी.

कराराच्या दिवशी हवेलीत आमचा नंबर लागला आणि आजींचा अंगठा मशीनवर उमटेना. भांडी घासून घासून बोटांच्या रेषाच गेलेल्या. ऑपरेटर म्हणाला, ‘आजी, दुसरं बोट द्या.’ तेही नाही. मग त्याने स्वतःचा रुमाल ओला करून दिला, आजींनी बोट पुसलं, पदराला कोरडं केलं, मी त्यांचं मनगट धरून हलकेच दाबलं. मागच्या रांगेतले लोक घड्याळ बघत होते. कितव्या तरी खेपेला पडद्यावर हिरवी खूण आली. बाहेर आल्यावर आजींनी मला विचारलं, ‘सही तर मी केली होती ना गं, मग बोट कशाला?’ तेव्हापासून ज्येष्ठ माणूस असेल तर मी पर्समध्ये ओला टिश्यू ठेवते आणि शक्यतो सकाळचा पहिला स्लॉट घेते.

त्याच वर्षी १ जूनपासून पन्नास लाख आणि त्यावरच्या घरांना एक टक्का टीडीएस लागू झाला होता. घेणाऱ्याने तो कापून भरायचा असतो. लोक तो विसरतात आणि दोन वर्षांनी नोटीस आली की एजंटला फोन करतात. मी करारानंतर पाठवायच्या मेसेजमध्ये ते लिहूनच टाकते.

मधली काही वर्षं पटकन सांगते, कारण त्यात विशेष काही नाही. पेपरातल्या जाहिराती गेल्या, पोर्टलं आली, वर्षाची वर्गणी भरून फोन यायला लागले, त्यातले निम्मे दुसऱ्या एजंटांचे. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि ‘इतके व्हाइट, इतके कॅश’ अशी वाटाघाट चाललेल्या बैठका जागच्या जागी मोडल्या. त्या हिवाळ्यात रिसेल पार आडवं झालं. पुन्हा भाड्याची वही.

मग आला रेरा. कायदा २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. चालू प्रकल्पांच्या नोंदणीसाठी जुलैअखेरची मुदत होती, बिल्डरांची धावपळ चालली होती, आणि आम्हा एजंटांमध्ये अफवांना ऊत आला होता. खरी स्थिती अशी: कलम ९ प्रमाणे, महारेराकडे नोंदवलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा असेल तर एजंटची नोंदणी बंधनकारक. निव्वळ भाड्याची कामं करणाऱ्याला ती लागत नाही. नोंदणी नसताना असं काम केलं तर कलम ६२ प्रमाणे दिवसाला दहा हजार रुपये दंड, तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. माझी निम्मी कामं तोवर नव्या प्रकल्पांची झाली होती, त्यामुळे विचार करण्यासारखं काही नव्हतं.

मी ऑगस्टमध्ये अर्ज भरला. एकट्या व्यक्तीला फी दहा हजार, कंपनी किंवा भागीदारी असेल तर एक लाख, नोंदणी पाच वर्षांसाठी. कागद: पॅन, आधार, फोटो, धंद्याच्या जागेचा पुरावा, आधीच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, आणि ज्याची कुणी अपेक्षा करत नाही ती गोष्ट, म्हणजे तुम्ही वापरणार ते लेटरहेड, रबरी शिक्का आणि पावतीचा नमुना. माझ्याकडे शिक्काच नव्हता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतला. जागेचा पुरावा घरचाच दिला. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर होता म्हणून त्याचं संमतिपत्र जोडलं. पॅनवर माझं माहेरचं मधलं नाव, आधारवर सासरचं, यावरून अर्ज परत आला. ती दुरुस्ती करून घ्यायला जो वेळ गेला तेवढाच काय तो ताप. नंतर ए५२१ ने सुरू होणारा नंबर मिळाला. तो प्रत्येक जाहिरातीत, बिलावर, व्हॉट्सअॅपच्या पोस्टवरसुद्धा टाकावा लागतो आणि प्रमाणपत्र धंद्याच्या जागी लावावं लागतं. आमच्या हॉलमध्ये ते देवाच्या फोटोशेजारी लागलं. सासूबाईंना त्याचं कौतुक वाटलं असावं, कारण घरातली कुरबुर त्यानंतर बंद झाली.

त्याच सुमारास, १ जुलै २०१७ ला, जीएसटीही आला. ब्रोकरेजवर अठरा टक्के. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. माझ्यासारख्या एकट्या माणसाची गाडी बरीच वर्षं त्या रेषेच्या आतच चालते, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय घाईने नंबर घेऊ नका.

आता चॅनल पार्टनरच्या, म्हणजे बिल्डरचे नवे फ्लॅट त्याच्यासाठी विकून देण्याच्या, कामाचं. आम्ही त्याला सीपी म्हणतो. बिल्डरकडून ब्रोकरेज मिळतं, ग्राहकाकडून काही घ्यायचं नाही. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात पैसे बुकिंगवर मिळत नाहीत. कराराची नोंदणी व्हायला हवी, ग्राहकाकडून ठरावीक टक्के रक्कम जमा व्हायला हवी, मग तुम्ही बिल लावायचं, मग त्यांचं अकाउंट्स ते तपासणार, मग टीडीएस कापून चेक. एका प्रकल्पात माझं एका फ्लॅटचं ब्रोकरेज वर्षाहून जास्त काळ अडकलं, कारण त्यांच्या सेल्स टीमचं म्हणणं होतं की ग्राहक आधीच थेट आला होता. माझ्याकडे साइट व्हिजिटच्या आदल्या दिवशीची ईमेल होती, त्यात ग्राहकाचं नाव आणि फोनचे शेवटचे चार आकडे. त्यावर पैसे निघाले. म्हणून दोन गोष्टी पक्क्या धरा: काम सुरू करण्याआधी ब्रोकरेजचा दर आणि ते कधी देणार हे लिहिलेलं पत्र घ्या, आणि पार्टीला साइटवर नेण्याआधी ईमेलने नोंदवा. फोनवरचं ‘हो मॅडम, टॅग केलंय’ याला काही अर्थ नसतो.

मार्च २०२० मध्ये सगळं ठप्प झालं. दोन-तीन महिने उत्पन्न शून्य. माझ्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला होता. ही सवय २००८ नंतरची: प्रत्येक विक्रीच्या ब्रोकरेजमधला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात जायचा आणि तिथून मी स्वतःला दर महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायची, पगारासारखी. ज्या ओळखीच्या एजंटांनी मोठं काम झालं की लगेच गाडी घेतली होती त्यांचे हप्ते त्या उन्हाळ्यात थकले. मग सप्टेंबरमध्ये सरकारने मुद्रांक शुल्कात डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांची आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची सवलत दिली. साठ लाखांच्या फ्लॅटवर एक लाख ऐंशी हजार वाचणार म्हटल्यावर वर्षभर ‘बघू’ म्हणणारे लोक आठवड्यात तयार झाले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हवेल्यांबाहेर मास्क लावलेल्या रांगा होत्या. शुल्क मुदतीत भरलं की दस्ताची नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करता येते, हे लोकांना समजावण्यात माझा घसा बसला.

२०२२ मध्ये नोंदणीची पाच वर्षं संपली. नूतनीकरण मी तीन महिने आधीच सुरू केलं, पुन्हा दहा हजार भरले, पुन्हा तीच कागदपत्रं. जुन्या नोंदणीतला मोबाइल नंबर बंद झालेला असेल तर ओटीपी येत नाही आणि तिथेच अडकायला होतं, तेवढं आधी बघा.

आणि मग जानेवारी २०२३ चा तो आदेश: एजंटांना प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचं. जुन्या एजंटांना शेवटी १ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत मिळाली. आमच्या ग्रुपवर पहिले दोन दिवस नुसता संताप होता. अठरा वर्षं धंदा केल्यावर परीक्षा? मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटचा पेपर दिला त्याला जमाना झाला होता आणि पास झाले नाही तर सोसायटीत काय तोंड दाखवू, हीच भीती जास्त होती.

प्रशिक्षण वीस तासांचं. फी संस्थेप्रमाणे बदलते, मला जीएसटी धरून सहा हजारांच्या आत पडली, परीक्षेची फी वेगळी. शनिवार-रविवार ऑनलाइन वर्ग. आमच्या बॅचमध्ये कालपरवा कॉलेज संपवलेली पोरं होती आणि डेक्कनवरचे एक काका होते, धंद्यात माझ्याही कितीतरी आधीपासून. ते सतत माइक चालू ठेवायचे आणि त्यांच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या सगळ्या वर्गाला ऐकू यायच्या. पण प्रश्न त्यांचेच सगळ्यात चांगले असायचे. शिकवताना जे आलं त्यातलं पुष्कळ मला माहीत होतं. थोडं असं होतं जे मी तोवर ऐकीव गोष्टींवर चालवलं होतं: कार्पेट एरियाची कायद्यातली नेमकी व्याख्या, नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही हे कलम १३, ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची अट, ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी. दहा टक्क्यांचं कलम तर मी दुसऱ्याच दिवशी एका सेल्स मॅनेजरला वाचून दाखवलं. तो वीस टक्के आधी मागत होता. मागणं थांबलं.

अभ्यास असा केला: नोट्स बाजूला ठेवून मूळ कायद्यातली एजंटांची कलमं ९ आणि १०, ग्राहकाच्या हक्कांची कलमं आणि दंडाचं प्रकरण मराठीतून दोनदा वाचलं. कोचिंगवाल्यांच्या प्रश्नसंचांवर जास्त विसंबू नका, त्यात चुका असतात. परीक्षा २०२३ च्या पावसाळ्यात दिली. संगणकावरची, बहुपर्यायी, केंद्रावर हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र हवं, मोबाइल बाहेर. ज्यांना माउसची सवय नाही त्यांनी घरच्या मुलांकडून दोन संध्याकाळ सराव करून घ्यावा. काकांनी नातवाकडून घेतला होता. वेळ पुरतो. बाहेर पडल्यावर आम्ही सगळे शाळकरी पोरांसारखे उत्तरं ताडून बघत उभे होतो. निकाल काही दिवसांनी आला. काका माझ्यापेक्षा जास्त गुणांनी पास झाले. पास झालं म्हणजे संपलं असं मात्र समजू नका, प्रमाणपत्र पोर्टलवर आपल्या प्रोफाइलमध्ये अपलोड करावं लागतं. ज्यांनी परीक्षा दिली नाही किंवा अपलोड केलं नाही अशा जवळपास वीस हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. त्यात माझ्या ओळखीचे चांगले, मेहनती लोक होते, नुसते ‘मुदत वाढेल’ म्हणून बसून राहिलेले.

नव्याने येणाऱ्यांसाठी क्रम आता उलटा आहे: आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, प्रमाणपत्र हातात आल्यावर नोंदणीचा अर्ज. नोंदणीचे दहा हजार, प्रशिक्षण आणि परीक्षेचे सात-आठ हजार, शिक्का-लेटरहेड किरकोळ, म्हणजे वीस हजारांच्या आत सगळं बसतं. त्याव्यतिरिक्त वर्षभराच्या पेट्रोल-फोनचे पैसे बाजूला ठेवा आणि पहिलं वर्ष भाड्याच्या कामांना द्या. आयकर विवरणपत्र भरत नसाल तर उत्पन्न कमी असलं तरी यंदापासून भरायला लागा, नूतनीकरणात ते मागतात. माझं पुढचं नूतनीकरण २०२७ मध्ये आहे आणि त्याची फाइल आत्तापासून कपाटात वेगळी काढून ठेवली आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनो, अर्जाला हात लावण्याआधी पॅन, आधार आणि बँकेतलं नाव एकसारखं करून घ्या, मधल्या नावासकट.